होम थिएटर: चित्र मधेच काळं पडतं, स्पीकर घुमतो, आणि केबल बदलूनही दोष परत येतो

सगळं जोडून झालेलं असतं. ४के टीव्ही, एव्ही रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचं चित्र-आवाज घेऊन टीव्हीला आणि स्पीकरना देणारा डबा), पाच स्पीकर, खर्ज वाजवणारा एक सबवूफर. पहिले काही दिवस झकास जातात. मग एखाद्या रात्री सिनेमा ऐन रंगात आलेला असताना पडदा दोन सेकंद काळा होतो, आवाजही जातो आणि दोन्ही आपोआप परत येतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं: एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी) हलकी आहे, ही भारीतली न्या. नवी केबल लावली की काही दिवस बरं चालतं आणि दोष परत हजर. कुणाच्या घरी चित्र व्यवस्थित असतं, पण सबवूफर दिवसभर ‘घूंऽऽ’ करत असतो. तिथेही आधी बदलली जाते ती केबलच.

ओळखीच्या घरांतून ही तक्रार वारंवार येते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. माझं म्हणणं असं की केबल किमतीवर निवडू नका. तिच्यातून किती डेटा जायचा आहे, तिची लांबी किती आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांचं अर्थिंग कसं आहे, या तीन गोष्टींवर निवडा. आणि पैसे घालवण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा, कारण पुष्कळदा तो केबलमध्ये नसतोच.

पडदा नेमका कधी काळा होतो?

सिनेमा सुरू होताना एकदा आणि संपून मेन्यूवर परत येताना एकदा, एवढंच होत असेल तर काही बिघडलेलं नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि तुमच्या स्ट्रीमिंग बॉक्सचा मेन्यू ६०चा. बॉक्समध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा ‘मॅच कंटेंट’ चालू असेल तर तो टीव्हीला नव्या वेगाने सिग्नल द्यायला लागतो आणि टीव्हीला जुळवून घ्यायला एक ते तीन सेकंद लागतात. साध्या चित्रावरून एचडीआरवर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्रावर) जातानाही असंच होतं. हे सेटिंग बंद केलं की काळोख जाईल, पण संथ फिरणाऱ्या दृश्यांत चित्र किंचित अडखळत सरकताना दिसेल. मी ते चालूच ठेवायला सांगतो.

मेन्यू छान दिसतो, पण एखाद्या पैसे भरून घेतलेल्या ॲपमधला ४के सिनेमा लावला की पडदा काळाच राहतो किंवा चित्र साध्या एचडीवर उतरतं, असं असेल तर संशय एचडीसीपीवर घ्या. कॉपी होऊ नये म्हणून यंत्रं एकमेकांशी जी कुलूपकिल्लीची खातरजमा करतात, ती ही. ४के सिनेमासाठी साखळीतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी २.२ लागतं. टीव्ही नवा, बॉक्स नवा, पण मधला रिसीव्हर दहा-बारा वर्षांपूर्वीचा असेल तर तिथेच अडतं. इथे कितीही भारी केबल आणा, काही उपयोग नाही. रिसीव्हर बदलायचीही गरज नाही: बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीतून आवाज एआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलट रिसीव्हरकडे आणायची सोय) किंवा ऑप्टिकल ऑडिओ केबलने रिसीव्हरकडे आणा.

आणि सिनेमाच्या मध्येच, काही ताळतंत्र नसल्यासारखं चित्र जात-येत असेल, किंवा काळ्या दृश्यात पांढरे ठिपके चमचमत असतील, तर मात्र केबल, तिची जोडणी किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी आहे. एक गोष्ट नक्की समजून घ्या. एचडीएमआयमध्ये सिग्नल आकड्यांचा असतो. केबल कमी पडली म्हणून रंग फिके पडत नाहीत की आवाज ‘कोरडा’ होत नाही. ठिपके येतात, चित्र तुटतं किंवा जातं. त्यामुळे ‘या केबलने रंग खुलतील’ असं कुणी सांगितलं तर तिथून सरळ पुढे चला.

कालपर्यंत चालणारी केबल आज का अडते?

‘इतकी वर्षं हीच केबल होती, कधी त्रास झाला नाही.’ हे वाक्य मी फार ऐकतो आणि ते खरंही असतं. फरक केबलमध्ये पडलेला नसतो, तिच्यावरच्या भारात पडलेला असतो. साधं फुल एचडी चित्र सेकंदाला ६० या वेगाने न्यायला सुमारे ४.५ गिगाबिट लागतात. ४के सिनेमा २४ च्या वेगाने, साध्या रंगांत न्यायला ८.९. तेच ४के ६०च्या वेगाने आणि पूर्ण रंगमाहितीसह न्यायचं तर १७.८ गिगाबिट, म्हणजे सुरुवातीच्या चौपट. जुना बॉक्स जाऊन नवा ४के बॉक्स आला, किंवा टीव्हीच्या मेन्यूत कुणीतरी ‘इनपुट सिग्नल प्लस’, ‘डीप कलर’, ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ यांपैकी काही चालू केलं (कंपनीगणिक नाव वेगळं, काम एकच), की त्याच जुन्या केबलवर एकदम चौपट भार येतो. जेमतेम पेलणारी केबल मग अधूनमधून सोडून देते.

तपासायची युक्ती याच आकड्यांत आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा आणि चित्र १०८०पी (फुल एचडी) करा. नेहमी त्रास देणारा सिनेमा लावून तासभर बघा. उघडझाप पूर्ण थांबली तर भार पेलत नाही हे सिद्ध झालं. मग ४केवर परत जा, पण रंगाचा पर्याय वायसीबीसीआर ४:२:० (रंगाची माहिती कमी करून पाठवणारा) ठेवा. आता १० बिट एचडीआर धरूनही ११.१ गिगाबिटच जातील. ज्या सिनेमा-मालिका आपण स्ट्रीमिंगवर बघतो त्या मुळातच ४:२:० स्वरूपात साठवलेल्या असतात, त्यामुळे डोळ्याला काही कमी झाल्याचं जाणवत नाही. कितीतरी घरांत गोष्ट इथेच मिटते आणि नवी केबल लागतच नाही. १०८०पीवरही चित्र जात असेल तर भाराचा प्रश्न नाही. ढिली जोडणी, खराब पोर्ट किंवा विजेचा त्रास शोधायला लागा.

एका वेळी एकच बदल

इथे घाई नडते. लोक एकाच दुपारी केबल बदलतात, पोर्ट बदलतात, सॉफ्टवेअर अपडेट करतात, सगळं बंद-चालू करतात. दोष जातो, पण कशाने गेला ते कळत नाही, आणि परत आला की पुन्हा श्रीगणेशा.

बॉक्सपासून टीव्हीपर्यंतची वाट डोळ्यासमोर आणा: बॉक्स, छोटी केबल, रिसीव्हर, लांब केबल, टीव्ही. पहिल्यांदा रिसीव्हर बाजूला ठेवा आणि बॉक्स सरळ टीव्हीला जोडा, मीटर-दीड मीटरच्या केबलने. बॉक्ससोबत आलेली असेल तर तीच. चित्र इथेही जात असेल तर टीव्हीचा दुसरा पोर्ट बघा, मग बॉक्स संशयित. इथे ठीक असेल तर रिसीव्हर मध्ये घ्या, पण दोन्ही बाजूंना छोट्याच केबल लावा, रिसीव्हर टीव्हीजवळ टेबलावर ठेवावा लागला तरी चालेल. तेही ठीक असेल तर उरली फक्त लांब केबल.

हे करताना एक पाळा, आणि याबाबत हयगय नको: एचडीएमआय केबल काढताना-घालताना सगळी यंत्रं बंद करून त्यांचे प्लगही सॉकेटमधून काढा. याचं कारण पुढे अर्थिंगच्या भागात येईल.

भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीत मात्र सगळ्यात आधी मोबाइलचा टॉर्च लावून मागे बघा. ठाण्याच्या एका घरात तीन वेगवेगळ्या केबल होऊन गेल्या होत्या. टीव्हीचा स्टँड भिंतीला इतका जवळ बसवला होता की केबल पोर्टमधून निघाल्या निघाल्या काटकोनात दुमडली जात होती, वर जाड केबलचं सगळं वजन त्या एवढ्याशा पोर्टवर लोंबकळत होतं. प्लग खालच्या बाजूला किंचित कललेला दिसत होता. बोटाने नुसता आधार दिला की चित्र स्थिर, बोट काढलं की थोड्या वेळात काळोख. प्रत्येक नवी केबल काही दिवस चालायची, कारण नवा प्लग जरा घट्ट बसायचा. तिथे काटकोनी तोंडाचा छोटा जोड लावला, केबल स्टँडला वेल्क्रोच्या पट्टीने बांधून तिचं वजन पोर्टवरून काढलं आणि काम झालं. असा जोड घेताना टीव्हीचा पोर्ट खाली बघतो की बाजूला, ते आधी पाहून घ्या. उलट्या दिशेचा जोड बसतच नाही.

पंख्याचं बटण दाबलं की चित्र जातं

हा प्रकार आपल्याकडे बराच दिसतो. ट्यूब लावली, पंखा बंद केला, फ्रिज सुरू झाला की पडदा क्षणभर काळा. बटणाच्या आतल्या संपर्कात ठिणगी पडते, तिचा तीव्र झटका वायरिंगमधून आणि हवेतून पसरतो. ज्या एचडीएमआय केबलचं बाहेरचं धातूचं आवरण प्लगला नीट जोडलेलं नसतं ती तो झटका उचलते. खात्री करायची तर सिनेमा चालू ठेवून तेच बटण पाच-सहा वेळा दाबा.

उपाय असे: ठिणगी मारणारं बटण वायरमनकडून बदलून घ्या, ते तसंही धोक्याचंच आहे. एचडीएमआय केबल आणि २३० व्होल्टची वायर एका जुडीत बांधू नका, वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. जास्तीची लांबी टीव्हीमागे गुंडाळून ठेवण्याऐवजी हवी तेवढीच केबल घ्या. दोन मीटरला पाच मीटरची केबल कुणी घेऊ नये.

आता केबल घ्यायचीच आहे तर

पाकिटावर ‘एचडीएमआय २.१ केबल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याला अर्थ नाही. २.० (२०१३) आणि २.१ (२०१७) हे यंत्रांच्या नियमावलीचे क्रमांक आहेत. केबलचे वर्ग वेगळे असतात: हाय स्पीड १०.२ गिगाबिटपर्यंत, प्रीमियम हाय स्पीड १८ पर्यंत, अल्ट्रा हाय स्पीड ४८ पर्यंत. शेवटच्या दोन वर्गांत पाकिटावर तपासणीचं लेबल असतं आणि मोबाइलच्या अधिकृत ॲपने ते स्कॅन करून खरं-खोटं बघता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, हे लेबल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सिनेमा, मालिका, क्रिकेट एवढंच बघायचं असेल तर प्रीमियम हाय स्पीड पुरेशी आहे. ४के चित्र १२० च्या वेगाने देणारं गेमिंग कन्सोल असेल तर अल्ट्रा हाय स्पीड हवी. पीएस५ सोबत ती खोक्यातच येते, ती ड्रॉवरमध्ये टाकून वेगळी विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत.

लांबी ही खरी मेख. तांब्याच्या केबलमध्ये लांबीसोबत सिग्नल मंदावतो. तीन मीटरपर्यंत फारसा प्रश्न नाही, पाच मीटरला चांगल्या केबलचीही परीक्षा असते. त्यापुढे, म्हणजे प्रोजेक्टरसाठी छतावरून दहा-पंधरा मीटर न्यायचं असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिच्यात चित्र काचेच्या तंतूतून प्रकाशाने जातं. तिला दिशा असते: एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले असं छापलेलं असतं, आणि उलटी ओढली तर काहीच दिसत नाही. छतात बसवण्याआधी जमिनीवर पसरून तासभर चालवून बघा. त्यातून ईएआरसीचा (एआरसीच्या सुधारित रूपाचा) आवाज परत आणायचा असेल तर तसा उल्लेख आहे का तेही पाहा, सगळ्या ऑप्टिकल केबल तो नेत नाहीत.

सोन्याच्या मुलाम्याबद्दल नेहमी विचारणा होते. चित्रात त्याने काडीचा फरक पडत नाही. गंज मात्र चढत नाही, म्हणून रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या दमट हवेत राहणाऱ्यांनी तो जरूर बघावा. तिथे पावसाळ्यानंतर आरसीए पिना (आवाजाच्या केबलच्या साध्या गोल पिना) आणि स्पीकर वायरची उघडी टोकं हिरवी पडलेली असतात, आणि आवाजाच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच निघतं.

घराचं काम चालू असेल तर एक विनंती. कन्सील वायरिंगसाठी जी २० किंवा २५ मिलिमीटरची नळी टाकतात तिच्यातून एचडीएमआयचं तोंड वळणावर जात नाही. प्लगचं प्लास्टिकच सुमारे २० मिलिमीटर रुंद असतं. टीव्हीपासून कपाटापर्यंत ४० मिलिमीटरची नळी टाकायला सांगा, काटकोनी एल्बो न लावता मोठं वळण द्या, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. केबलचे वर्ग दर काही वर्षांनी बदलतात, भिंत तेवढ्यांदा फोडता येत नाही.

सबवूफर किंवा स्पीकर घुमतो

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हा आवाजही त्याच खालच्या सुरात, कधी १०० हर्ट्झचा जरा तिखट. व्हॉल्यूम शून्य केला तरी तसाच राहतो. त्याचं सगळ्यात मोठं कारण दोन वेगळ्या अर्थिंगचं एकमेकांत गुंतणं.

केबलवाल्याची काळी कोएक्स वायर कुठून येते बघा. जिन्यात किंवा गच्चीवर त्याचा ॲम्प्लिफायर असतो, त्याला वीज दुसऱ्याच मीटरवरून असते, आणि त्या वायरचं बाहेरचं आवरण तिथल्या अर्थिंगशी जोडलेलं असतं. ती वायर तुमच्या सेट टॉप बॉक्समध्ये येते, तिथून एचडीएमआयच्या आवरणातून टीव्ही आणि रिसीव्हरपर्यंत पोहोचते, आणि सबवूफर किंवा ॲम्प्लिफायर थ्री पिनमधून तुमच्या घरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. दोन अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्टचा फरक असला तरी आवरणातून प्रवाह फिरायला लागतो आणि तोच सबवूफरमधून ऐकू येतो. सबवूफरची आरसीए केबल बदलून तो कसा जाणार?

तपासणी सोपी आहे. सगळं बंद करा, सेट टॉप बॉक्समागची कोएक्स वायर काढा, पुन्हा चालू करा. घुमणं बंद झालं तर चोर सापडला. केबल टीव्ही असेल तर कोएक्सवर बसणारा छोटा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, तो बॉक्सच्या आधी लावा. सिग्नल जातो, आवरणांचा थेट संबंध तुटतो. डिश असेल तर मात्र हा आयसोलेटर लावू नका: छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरमधून जातात, ते अडतील आणि चॅनल बंद पडतील. तिथे डिशच्या वायरचं आवरण ग्राउंडिंग ब्लॉक लावून घराच्याच अर्थिंगला जोडून घ्यायचं. हे काम वायरमनचं.

कोएक्स काढूनही आवाज राहिला तर सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, एकाच थ्री पिन सॉकेटवर आणा. भार जास्त होईल अशी भीती नको. ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टवर १३८० वॉट देतं आणि घरगुती टीव्ही, रिसीव्हर, सबवूफर मिळून सहसा त्याच्या बरेच खाली राहतात. सबवूफर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि बोर्ड तिथवर नेता येत नसेल तर आरसीए वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. आवाज घुमण्यापेक्षा ‘चर्रर्र’ असा असेल आणि दिवा मंद करायचा डिमर किंवा सलग फिरणारा पंख्याचा रेग्युलेटर हलवला की बदलत असेल तर दोष तिथे आहे. पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवला की जातो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असताना तर घुमणारच. ज्या भागात वीज वरचेवर जाते तिथे साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्या.

एक ‘उपाय’ मात्र कुणीही सुचवला तरी करू नका: प्लगची वरची जाड पिन काढून टाकणं. घुमणं थांबतं हे खरं. पण उद्या त्या यंत्राच्या आत फेजची वायर डब्याला टेकली तर २३० व्होल्ट धातूच्या डब्यावर येऊन थांबतील आणि पहिला हात घरातल्या एखाद्या मुलाचा लागेल. घुमणाऱ्या आवाजाने कुणाचा जीव जात नाही.

पुष्कळ जुन्या इमारतींत मूळ अडचण याहून वेगळी असते: थ्री पिन सॉकेट आहे, पण मागे अर्थिंगची वायरच नाही. रिसीव्हरच्या धातूच्या डब्यावर हात फिरवला की झिणझिण्या येतात. सवय असेल तर मल्टिमीटरने, नाहीतर वायरमनकडून मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्ट, हे ठीक. फेज-अर्थिंगमध्ये शंभर-सव्वाशेच दाखवत असेल किंवा आकडा भटकत असेल तर अर्थिंग नाही. अशा घरात यंत्रांच्या आतल्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळे डबा अधांतरी शंभरेक व्होल्टवर तरंगत असतो. प्रवाह अगदी कमी, माणसाला फक्त झिणझिणी. पण त्याच स्थितीत तुम्ही कोएक्स जोडलेल्या बॉक्समधली एचडीएमआय रिसीव्हरमध्ये खुपसलीत तर तो झटका त्या नाजूक पिनांतून जातो आणि पोर्ट जळतो. ‘काल केबल काढून परत लावली तेव्हापासून एचडीएमआय वन बंद आहे’ यामागे बहुतेक हेच असतं. प्लग काढूनच जोडणी करा असं वर म्हटलं ते याचसाठी. आधी एचडीएमआय जोडायची, मग प्लग, कोएक्स सगळ्यात शेवटी. पावसाळ्याच्या तोंडी विजा कडाडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि कोएक्स दोन्ही काढून ठेवा.

चित्र आहे, आवाज नाही

टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरमधून येत नसेल तर तीन जागा बघा. केबल टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या पोर्टमध्येच आहे ना. रिसीव्हर किंवा साउंडबारच्या बाजूला ती ‘आउट’ लिहिलेल्या पोर्टमध्ये आहे ना. आवाज आत आणायचाय म्हणून लोक ‘इन’मध्ये घालतात, पण एआरसी चालतं ते आउटवरच. आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी ऑटो किंवा पासथ्रू निवडलंय ना, नाहीतर पाच स्पीकर असून आवाज दोनच चॅनलचा येतो. सीईसी (एचडीएमआयमधून यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू ठेवावं लागतं, त्याचं नाव प्रत्येक कंपनीने आपापलं ठेवलेलं आहे.

ईएआरसी नाही म्हणून टीव्ही बदलू नका. स्ट्रीमिंग ॲपमधला ॲटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जातो. ब्लू-रेचा ट्रूएचडी आवाज टीव्हीतून फिरवून आणायचा असेल तरच ईएआरसी लागतं, आणि प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला तर तेही नाही. ऑप्टिकल ऑडिओ केबल हा जुना, भरवशाचा पर्याय आहे, पाच चॅनलचा डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस नेते, ॲटमॉस नेत नाही. काचेऐवजी बहुतेक प्लास्टिकचा तंतू असला तरी विजेचा संबंध तुटतो, म्हणून घुमणं थांबवायलाही कधीकधी कामी येते. टोकांवरच्या पारदर्शक टोप्या काढून मगच लावा.

स्पीकरची वायर

इथे नावापेक्षा जाडी आणि धातू महत्त्वाचे. वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा वापरातला ठोकताळा. रिसीव्हरपासून स्पीकर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर वायर होते. रिसीव्हरसोबत येते तशी अर्ध्या एमएमची (म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर घेतली तर ०.७८ ओहम होतात. दीड एमएमची घेतली तर ०.२७, अडीचची घेतली तर ०.१६. सहा ओहमच्या स्पीकरला मर्यादा ०.३, म्हणजे दीडची पुरते. चार ओहमच्याला ०.२, तिथे अडीचचीच हवी. पुढचे स्पीकर दोन-तीन मीटरवर असतात, त्यांना एक एमएमही भरपूर.

फसगत होते ती धातूत. वरून तांबं, आत ॲल्युमिनियम अशी वायर सर्रास ‘कॉपर’ म्हणून विकतात. एक तार घ्या, ब्लेडने हलकेच खरवडा आणि उजेडात धरा. आत चंदेरी दिसली तर ॲल्युमिनियम. उलट, बाहेरून चंदेरी आणि आत लालसर असेल तर कथिलाचा थर दिलेलं तांबं, ते उत्तम. ॲल्युमिनियमवाली घेतलीच असेल तर एक पायरी जाड वापरा. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन आयएस ६९४ चा शिक्का असलेली घरगुती वायरिंगची दीडची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर लाल आणि काळी अशी घ्यावी, दोन्हींना पीळ द्यावा; स्पीकरला ती अगदी व्यवस्थित चालते. सबवूफरसाठी डिशची आरजी-६ वायर घेऊन तिला आरसीए पिना लावल्या तरी सात-आठ मीटर बिनतक्रार जाते, फक्त वळायला ताठ असते.

रंग दोन्ही टोकांना जुळवा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी झाली तर खालचे सूर पोकळ होतात आणि संवाद नेमके कुठून येतात ते कळेनासं होतं.

शेवटी रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडण्याबद्दल. मोठ्या आवाजाच्या दृश्यात असं होत असेल तर आधी रिसीव्हरच्या मागे भिंग लावल्यासारखं बघा: पिळलेल्या तारांतली एखादी केसाएवढी तार बाजूच्या टर्मिनलला टेकलेली असते, आणि घरघरीत ती हलली की शॉर्ट होतं. टोकं पुन्हा सोलून, घट्ट पीळ देऊन बनाना प्लगमध्ये बसवा. कपाटाचं मागचं दार बंद असेल तर उघडा, रिसीव्हरच्या वर वीतभर मोकळी जागा ठेवा. तरीही बंद पडत असेल तर सगळ्या स्पीकर वायर काढून रिसीव्हर नुसता चालू करा. तो आता टिकला तर एकेक स्पीकर जोडत जा, ज्याच्यावर पडेल त्याची वायर किंवा स्पीकर दोषी. एकही वायर नसताना प्रोटेक्टमध्ये गेला तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या, आणि वायर नसतानाही बंद पडतो हे जॉब कार्डवर लिहून घ्या.